आईचा न कळलेला शब्द

आम्ही तेलंगणातून सेलूला आलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. लेकरं इथं रुळावीत म्हणून त्यांनी घरात तेलुगू बोलणं बंद करून टाकलं. आईनं ऐकलं, पण भाकरी थापताना ती स्वतःशी तेलुगूत पुटपुटायची. पुढं मी मराठी शिकवू लागले, मराठीतच कथा लिहू लागले. पहिली भाषा कधी निघून गेली ते कळलंही नाही.

वडील वारल्यावर आई माझ्याकडं आली. अर्धांगाचा झटका आला आणि तिची मराठीच गेली. मी शाळेला निघाले की ती एकच म्हणायची, “तलुपुवेय्यकु.” मला वाटायचं, खायला काहीतरी मागते. मी मऊ भात केला, शेवयांची खीर केली. तिनं तोंड फिरवलं. मग आवाज चढायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी खोलीचं दार ओढून कडी घालायचे. सांभाळायला ठेवलेली बाई बाहेर ओसरीत बसायची. एका दुपारी परत आले तर आई गेलेली होती.

त्यानंतर बारा वर्षं तो शब्द माझ्या मागं होता. फळ्यावर लिहिताना, भांडी घासताना, तिच्याच आवाजात. गावात तेलुगू येणारी माणसं होती. मी कुणालाच विचारलं नाही.

गेल्या थंडीत आमच्या वाचनालयानं एक प्रदर्शन भरवलं. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, अशा माणसांनी हातानं लिहिलेले कागद भिंतीवर लावायचे होते. एका म्हाताऱ्या शिंप्यानं दखनीत आपल्या पहिल्या मशीनबद्दल लिहिलं. जिनिंगमधल्या एका बिहारी कामगारानं भोजपुरीत बायकोला पत्र लिहिलं. मी आईबद्दल लिहिलं, आणि मधोमध तो शब्द, जसा ऐकला तसा देवनागरीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं असताना एक बाई वाचनालयाच्या नळावर घागर भरायला आली. शेजारी रस्त्याचं काम चालू होतं, तिथं ती खडी फोडायची. ती भिंतीपाशी थांबली.

“हे काय लावलंय, बाई?”

मी सांगितलं.

“मला वाचता येत न्हाई. वाचून दाखवा की.”

मी वाचू लागले. त्या शब्दापाशी तिनं हात वर केला.

“थांबा. परत म्हना.”

मी म्हटलं.

“आमच्या घरात हीच बोली हाय. हा एक शब्द न्हाई, दोन हायेत. तलुपु वेय्यकु. दार लावू नको.” मग तिनं विचारलं, “कोन म्हनायलं व्हतं?”

“माझी आई.”

“मंग? लावलं का तुमी?”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं, क्षणभरच, आणि घागर उचलून कामावर गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला शोधायला गेले. टोळी सोनपेठकडं गेल्याचं कळलं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी पाथरीहून माझा धाकटा भाऊ आला. आईच्या आजारपणात तो फक्त रविवारी यायचा, आणि रविवारी मी घरीच असायचे, दार उघडं असायचं. त्यानं माझा कागद दोनदा वाचला.

“ताई, ह्याचा अर्थ लागला का गं कधी?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“खायलाच मागत असंल,” तो म्हणाला. “लय आवड होती तिला खायची.”

त्यानं मोबाईलवर कागदाचा फोटो काढला, लेकींना दाखवायला. मग आम्ही दोघं चहाला बाहेर पडलो.