जाड आणि सरळ अक्षरं

सुनेनं मला तिच्या शेजारी खुर्ची ओढून दिली ती दुपार मला अजून आठवते. नात नुकतीच झोपली होती. सून म्हणाली, "आई, जरा तुमचे डोळे द्या. बघून बघून माझ्या डोळ्यांना आता काहीच दिसेनासं झालंय."

मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही खडवलीकडच्या गावातल्या शाळेत. चारचौघांत काही वाचायची वेळ आली की मी अजूनही उठून स्वयंपाकघरात जाते. आणि हिची पानं म्हणजे गणित, तेही इंग्रजीत.

कल्याणच्या आमच्या घरी बसून ती कॉम्प्युटरवर गणिताच्या पुस्तकांची पानं लावते. तेव्हा हे काम नवं होतं. ठाण्याला नौपाड्यातल्या एका लहानशा ऑफिसनं तिला एक धडा करून बघायला दिला होता. तो चोख गेला तर घरबसल्या कायमचं काम मिळणार होतं. नाही तर बाळंतपणाची सुट्टी संपली की तिला जुन्या नोकरीवर जावं लागणार, आणि पोर तर अंगावर पिणारी. ती बोलून दाखवत नव्हती, पण छोटीला थोपटताना सारखी कॅलेंडरकडे बघायची.

"वाचायचं नाही, नुसतं बघायचं," ती म्हणाली. "ह्याला व्हेक्टर म्हणतात. व्हेक्टरचं अक्षर जाड हवं आणि सरळ उभं हवं. ऑफिसचा तसा नियमच आहे." एका कागदावर तिनं पाचसहा अक्षरं मोठी काढून दिली. एक तर दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्यासारखं होतं.

मी पेन्सिल घेतली. त्या कागदावरचं अक्षर कुठे बारीक नाहीतर तिरकं दिसलं की गोल करायचा. पानं संपेपर्यंत गोलच गोल झाले. पोरीचं काम वाचवलं म्हणून मनातून मला बरंही वाटत होतं.

तिनं पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग हसायलाच लागली. "अहो आई, तुम्ही तर अख्खा धडाच नापास केलात!"

माझं तोंड उतरलं. "मला नाही जमायचं हे. मी आपली भाकऱ्या टाकते," म्हणत मी उठले.

तिनं माझा पदर धरला. "बसा हो. मीच अर्धवट सांगितलं."

शाळेत चुकलं की उभं करायचे. हिनं चुकल्यावर बसवलं.

मग तिनं समजावलं. रिक्षा किती जोरात चालली आहे एवढंच सांगायचं तर अक्षर बारीक आणि तिरकं. ती कुठल्या दिशेला चालली आहे तेही सांगायचं तर तेच अक्षर जाड आणि सरळ.

मी म्हटलं, "आणि स्टेशन सांगितलं असताना त्यानं भलतीकडेच जोरात नेली तर?"

"तर जोर तोच, पण व्हेक्टर दुसरा. आणि भाडं द्यायचं नाही!"

माझे गोल तिला एकदम खोडून टाकता आले असते. पण ती एकेक गोल माझ्याबरोबर बघत गेली. "हे बारीकच बरोबर. हेही बरोबर. हे का, सांगा बरं?" मी भीत भीत सांगायचे. असं करता करता तिचं बोट थांबलं. ते दोन वाट्यांचं अक्षर, ओमेगा. तो तिथे जाड हवा होता, आणि होता बारीक, तिरका. तिनं पुढची पानं उलटली. सगळीकडे तसाच.

"मी तर सगळीकडे जाडची कमांड दिली होती," ती म्हणाली. दिली होती हेही खरं, पण ती कमांड ह्या ग्रीक अक्षरांना लागूच पडत नाही, हे तिला शोधल्यावर कळलं. तिनं दुसरी देऊन पाहिली.

"जाड झालं," मी म्हटलं, "पण वाकडंच आहे गं."

"अगदी तुमच्या लेकासारखं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसलो, छोटी उठू नये म्हणून. पुन्हा शोधाशोध केली. छोटी उठली तेव्हा ओमेगा जाड होऊन सरळ उभा होता.

नौपाड्याला ती मलाही घेऊन गेली, छोटीला धरायला. ऑफिसातल्या बाईंनी पानं शांतपणे चाळली. "ओमेगा बहुतेकांचा राहून जातो," त्या म्हणाल्या. "तपासलं कोणी?"

"आम्ही दोघींनी," सून म्हणाली.

मी छोटीचा मोजा नीट करत राहिले. वर बघायची हिंमत झाली नाही. माझ्या त्या गोलांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बाईंनी पुढचे धडे दिले आणि काम कायमचं झालं म्हणून सांगितलं.

बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता घरी. पण तिनं मला चष्म्याच्या दुकानात नेलं. मी म्हटलं, "अगं, माझा आहे तो चांगला आहे."

"तो भाजी निवडायला चांगला आहे," ती म्हणाली. "पुढच्या धड्यांत ग्रीक अक्षरं जास्त आहेत."

त्या नव्या चष्म्यातून हे लिहिते आहे. छोटी झोपली आहे, आणि तिकडे सून माझ्यासाठी खुर्ची ओढते आहे.