श्रीपतरावांचं दिल्लीचं काम

आमच्या सरोजिनी नगरच्या (दिल्लीतल्या नव्हे, नवाबांच्या शहरातल्या) कॉलनीत श्रीपतराव वासनिकांइतकं महत्त्वाचं काम कोणी करत नाही, असं खुद्द श्रीपतरावांचं मत होतं. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यावर ते काही महिने गेटवरच्या चौकीदाराला परराष्ट्र धोरण समजावत बसायचे. चौकीदार नोकरी सोडून गेला. कारण दुसरं असेलही, मला मात्र ते पटत नाही.

त्यांच्या बायकोला, कमलाताईंना, खरंच काम होतं. एका संस्थेसाठी त्या घरोघर जाऊन लोकांची मतं विचारायच्या. फुकट धान्य चालू ठेवावं का, मुलींना जमिनीत वाटा द्यावा का, असले प्रश्न. घरातल्या कोणाला विचारायचं ते टॅबलेट ठरवतो. त्याने सुनेचं नाव काढलं की सासरा खुर्ची ओढून पुढ्यात बसणार. "हमारे यहाँ सबकी राय एक है, हमसे पूछिए." ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकतात. सुनेच्या नावावर सासऱ्याचा आवाज आला की मुलाखत बाद. ताईंच्या इतक्या मुलाखती बाद झाल्या की नोकरी जायची वेळ आली. तेव्हा त्यांना घरात रिकामं बसलेलं हत्यार आठवलं.

"अहो, बायकांना मी विचारते. पण पुरुषांशी बोलायला कोणी तोलामोलाचं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीपतरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि स्कूटर काढली. बैठकीत सासऱ्यासमोर बसून "भाईसाहब, देश किधर जा रहा है?" एवढं विचारलं की पुढचं आपोआप व्हायचं. आत ताई स्वयंपाकघराचं दार लोटून टॅबलेट उघडायच्या. बाहेर सासरा ठणकावून सांगतोय की बेटीला जमीन द्यायचा सवालच नाही, आणि आत त्याचीच सून कणीक मळता मळता हळूच म्हणतेय, "बराबर का आधा." हे सांगताना ताईंना हसू आवरायचं नाही. मीही पोटभर हसून घ्यायचे.

घरी जेवताना श्रीपतराव पुरुषांची मतं तोंडपाठ सांगत आणि ताई "हं, हं" करत पोळ्या लाटत. ती मतं दिल्लीला जातात, अशी त्यांची पक्की समजूत होती. टीव्हीवर कुठल्याही पाहणीचा निकाल लागला की शहराच्या कडेच्या चिनहटात ऐकलेली मतं आठवून म्हणायचे, "हे आपले चिनहटवाले." निवृत्तीनंतर माणूस पहिल्यांदा उत्साहाने दाढी करत होता.

"ह्यांना कळलं ना, तर मोडून पडतील गं," ताई मला म्हणाल्या. त्यांना खरोखरच भीती वाटत होती.

डाव एकदाच फसला. जुन्या शहरातल्या चौक मोहल्ल्यात, चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका घरात श्रीपतराव सासऱ्याशी फार लवकर सहमत झाले. बोलणं संपलं, सासरा उठून आत आला आणि सून गप्प झाली. मुलाखत अर्धीच राहिली.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे वाटीभर तिखट मागायला गेले होते. तेवढ्यात दुसऱ्याच कुठल्या संस्थेची एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. सोबत तिचे वडील. टॅबलेटने नाव काढलं कमलाताईंचं. श्रीपतराव खुर्ची ओढून बसले.

"पहले मेरी राय लिखिए."

"अंकल, आप पापा को बताइए ना. बड़े लोगों से यही बात करते हैं," असं म्हणत मुलगी ताईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिखटाची वाटी धरून मधल्या दारात उभी राहिले. असा तमाशा सोडून घरी कोण जाईल?

"भाईसाहब, देश किधर जा रहा है?" पापांनी विचारलं.

"नाही नाही, आप बताइए," सवयीने श्रीपतराव म्हणाले.

"हम तो पूछने वाले हैं."

"हम भी."

"आप लिखते नहीं?" श्रीपतरावांनी विचारलं.

"बिटिया कहती है, याद रखना काफ़ी है."

श्रीपतरावांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मुलगी विचारत होती, घरातले मोठे निर्णय कोण घेतं. ताई उत्तराआधी बैठकीकडे बघत होत्या. श्रीपतराव उठले, मला हाताने बाजूला सारलं आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. मग परत येऊन बसले आणि परराष्ट्र धोरणावर इतक्या मोठ्याने सुरू झाले की मला आतलं एक अक्षर ऐकू आलं नाही. तो राग मला अजून आहे.

पाहुणे गेल्यावर ताई बाहेर आल्या. "वाईट वाटलं?"

"वाटलं," श्रीपतराव म्हणाले. मग म्हणाले, "चौकातली ती सून. तिचं बोलणं राहिलं का?"

"अर्धं राहिलं."

ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"चल. आज मी सासऱ्याशी कशावरच सहमत होणार नाही."