उघडलंच आहे तर

आमच्या ह्यांच्या तोंडी एकच वाक्य: "उघडलंच आहे तर." दिवसभर दुकानात चष्म्यांचे बारके स्क्रू पिळायचे आणि घरी आले की दारातल्या जुन्या गाडीखाली शिरायचं. गॅरेजवाल्याला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत. बॉनेट उघडायचं दिवा बदलायला. मग उघडलंच आहे तर प्लग पुसू, उघडलंच आहे तर पट्टा बघू. संध्याकाळी गाडीचे अवयव माझ्या चांगल्या परातीत!

हा नाद लावला थोरल्या दिरांनी. सगळे त्यांना दादाच म्हणायचे. भंगारातून ही गाडी दोघा भावांनी मिळून उभी केली. तेव्हापासून तिच्या इंजिनात एक बारीक टकटक होती. ह्यांना ती खुपायची, दादा म्हणायचे, असू दे रे. पुढे दादा दुसऱ्या गावी गेले. तरी गाडी कुरकुरली की हे फोन इंजिनापाशी धरायचे आणि दादा पलीकडून ओरडायचे, "पट्टा सैल आहे, गाढवा!" पट्टाच सैल निघायचा.

दादा अंथरुणाला खिळले, तेव्हा एकदा त्यांनी स्वतः फोन केला. आवाज पार खोल गेलेला. "गाडी घेऊन ये. माझ्या खिडकीखाली लाव आणि चालू ठेव. एकदा समोरून ऐकायचाय आवाज."

तसेच निघाले असते तर! पण नाही. "दादाच्या कानाला खोट सापडायला नको," म्हणाले आणि ती टकटक काढायला बसले. टकटक गेली. मग उघडलंच आहे तर पाण्याचा पंप. पंपाचं पॅकिंग फाटलं, नवीन येईपर्यंत उघडलंच आहे तर क्लच.

माझं डोकं फिरलं. "अहो, भावाला भेटायचंय की परीक्षा द्यायचीय? बसने चला!"

"त्याने गाडी मागितलीय गं. झालंच आता."

जाऊबाईंनाही फोनवर तेच. "झालंच, वहिनी. उद्या निघतो."

शेवटी दादा गेल्याचा जाऊबाईंचा फोन आला, तेव्हा क्लचप्लेट परातीत होती. आम्ही बसनेच गेलो.

खिडकीखालची जागा झाडून लख्ख केलेली, कुंड्या सगळ्या भिंतीकडे सरकवलेल्या. हे तिथेच उभे राहिले, आत जाईनात. जाऊबाई बाहेर आल्या.

"त्यांनीच सरकवायला लावल्या, भाऊजी. गाडीला वळायला जागा हवी म्हणाले. रस्त्यावर हॉर्न वाजला की म्हणायचे, बघ गं, आला का."

ह्यांनी मान खाली घातली.

"तुम्ही टकटक काढताय, हे मी सांगितलं त्यांना. हसले. म्हणाले, गाढव आहे, तीच तर ऐकायची होती. तुम्हाला कळवते म्हटलं तर नको म्हणाले. आल्यावर मीच झापतो त्याला."

त्यावर हे जे रडले, ते मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही.

गाडी आता झकास आहे. चालू केली तरी चालू आहे हे कळत नाही. परवा चहा घेऊन बाहेर गेले, तर हे उघड्या बॉनेटमध्ये कान लावून उभे.

"आता काय बिघडलं?" मी म्हटलं.

"काही नाही गं," म्हणाले. "वाजतच नाही."