आमच्या घरचा गंधार

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात सूरच वेगळा होता. अप्पांच्या पेटीचा गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, जरासा उतरलेला. अप्पा, म्हणजे माझे वडील, कायम एकाच पट्टीत गायचे, त्यामुळे तो ग प्रत्येक भजनात यायचाच. कुणी बोललं की ते कानडीत म्हणायचे, "इर्ली बिडु." असू दे. झालं! दर सोमवारी आमच्याकडे भजनाला बसणारी मंडळी वर्षानुवर्षं तोच ग गात राहिली, आणि आई सगळ्यांत ठसक्यात. मी गाण्याच्या क्लासला गेले तेव्हा कळलं, बाकीच्या जगात ग थोडा वर असतो. मला ते जगच चुकलेलं वाटलं.

अप्पा गेले आणि आईनं गाणं सोडलं. सोमवारी मंडळी यायची, ती चहा करायची आणि दाराशी बसून राहायची. तिनं पुन्हा गावं म्हणून माझा जीव तुटायचा. काहीतरी करायचं म्हणून मी पेटी दुरुस्तीला टाकली. नवा भाता बसला, सगळे सूर लागले.

पुढच्या सोमवारी मंडळींनी पहिलीच ओळ उचलली आणि ग वर पेटी एकीकडे, गळे एकीकडे. आई उठली.

"ही त्यांची पेटी न्हाय," म्हणाली आणि आत गेली.

मी पेटी उचलून पुन्हा दुकानात नेली. कारागीर हसायलाच लागला. "पेटी बेसूर करून द्या म्हणणाऱ्या तुमीच पहिल्या की! पण उतरवू किती? नमुना तर पायजे."

नमुना घरीच होता. दुसऱ्या दिवशी आईला रिक्षात घालून दुकानात घेऊन आले आणि तिला म्हटलं, "ग म्हणून दाखव."

ती माझ्यावर डाफरली, "नुसता ग कसा म्हणू? ओळ म्हणावी लागंल की."

"मग ओळ म्हण."

मग डोळे मिटून तिनं ओळ धरली आणि ग वर येऊन थांबली. कारागिरानं सुराची पितळी पट्टी हलकीशी खरवडली, वाजवून बघितली. आईनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा ओळ, पुन्हा ग, पुन्हा खरवडणं.

शेवटी पेटी आणि गळा एक झाले. कारागिरानं भात्यावरचा हात काढला, हत्यार खाली ठेवलं. आई मात्र यावेळी ग वर थांबली नाही. तिनं पुढची ओळ घेतली.

तो बिचारा घाईघाईनं पुन्हा भाता हलवू लागला.