कवळीवालीचं बिऱ्हाड

कवळ्या बनवणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला कवळीवालीच म्हणत. हिची कवळी बसली की ऐंशीचा म्हाताराही भांडताना एक शब्द गिळत नाही, अशी तिची ख्याती.

नवरा गोदामात स्टोअरकीपर. आता गोदामांचं असं असतं, शहर वाढलं की गाशा गुंडाळायचा आणि आणखी बाहेर पळायचं. बावीस वर्षांत त्याचं गोदाम दोनदा पळालं आणि दोन्ही वेळा बिऱ्हाड त्याच्यामागे धावलं. नवरा कामावर चालत जायचा, दुपारी घरी जेवायचा. हिची कवळ्यांची लॅब मात्र होती तिथेच, भर शहरात. आधी पायी दहा मिनिटं, मग एक बस, मग दोन. संध्याकाळी ती गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायची. कुरकुरली की नवरा म्हणे, "सवय होते गं." मोठा आला सवयीचा!

गोदाम तिसऱ्यांदा हललं. नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी तिला न विचारताच तिकडे घर पाहिलं. तिथून लॅब तीन बस लांब, जायलाच अडीच तास. दिरांनी समजुतीने सांगितलं की आता वय झालं, तिने नोकरी सोडून आराम करावा. वय म्हणे! नवरा तिच्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला कुणी आराम सुचवला नाही.

हे काम सुटलं तर आपण कोण, ते तिला सांगता येईना. दोन दिवस ती लॅबमधून उशिरा परतली. नवऱ्याला वाटलं, तिथली आवराआवर करतेय, म्हणजे पटलं. कसलं पटतंय!

रविवारी दीर टेम्पो ठरवायला आले, तेव्हा तिने टेबलावर किल्ली ठेवली. लॅबच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, त्या तिने भाड्याने घेतल्या होत्या.

"भाऊजी, टेम्पो सांगा, पण पत्ता हा. दोनदा घर यांच्या कामामागे गेलं, यावेळी माझ्या कामामागे येईल."

"आणि मी रोज अडीच तास जाऊ?" नवऱ्याने विचारलं.

"सवय होते," ती म्हणाली.

दिरांनी खूप आदळआपट केली. तिने खुशाल करू दिली आणि भांडी बांधायला घेतली.

नव्या घरातल्या पहिल्या सोमवारी नवरा परतला तो लंगडतच. तिने बादली पुढे केली. त्याने पाय बुडवून पोटऱ्या चोळल्या.

"मला वाटायचं, तुला असं बसायला आवडतं."

"नव्हतं आवडत," ती म्हणाली आणि टॉवेल त्याच्या हाती दिला.