तेल न पिणारा दोर

गुरुवार, १८ जानेवारी २००१. दोराची लांबी बासष्ट मीटर. काठावर हजर माणसे चार: मी, मुरबाडच्या दोर कारखान्यातले फिटर पाटील, पाड्यातले (पाडा म्हणजे डोंगरातली छोटी वस्ती) म्हातारे चांगोबाबा आणि त्यांची विधवा भावजय ठमाबाई. समोर धरणाचे अडलेले पाणी, त्यावर ताणलेला नवा पोलादी दोर आणि दोराला कप्पीने लटकवलेला लाकडी पाळणा. गेले नऊ दिवस त्या पाळण्यात कोणी बसले नव्हते. म्हणून दोराचा गाभा बनवणाऱ्या मिरजेच्या कारखान्यातून मला, तपासनिसाला, बोलावले होते.

आदल्या रात्री मुरबाडला मुक्काम केला, सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालो आणि शहापूरला गाडी बदलली. माझ्या पिशवीत दोराचा फूटभर तुकडा नमुन्यासाठी होता. तो पिशवी फाडून बाहेर डोकावत होता.

"काका, साप मारायला निघालात काय?" कंडक्टरने विचारले.

"दाखवायला निघालोय."

"मंग तिकडं जपून. तिकडची मानसं पोट फाडून बघत्यात."

डोळखांबच्या अलीकडे टायर बसले आणि पस्तीस मिनिटे गेली. भात कापलेल्या खाचरांतून वाल हिरवा पसरला होता. एका बाईने त्याच्या कोवळ्या शेंगा ओंजळभर हातावर ठेवल्या. माझी मुलगी लहानपणी अशाच शेंगा कच्च्या खायची. ती आता अमरावतीला असते. तिचा मुलगा सव्वा वर्षाचा झाला, पण मी त्याला पाहिलेला नाही. त्याचा फोटो वहीत असतो. जायचे दोनदा ठरवले आणि दोनदा रजा पुढे ढकलली. बायको असती तर ढकलू दिली नसती.

दोराविषयी थोडे सांगायला हवे. तारांच्या दोराच्या पोटात गाभा असतो आणि बाहेरचे सहा पेड त्याच्यावर टेकून राहतात. पूर्वी तो तागाचा असे. आमच्या मिरजेच्या कारखान्यात तो प्लास्टिकचा होतो, काळा, पेन्सिलीएवढा जाड, पेड नीट बसावेत म्हणून सहा खाचांचा. ताग पाण्याने कुजतो आणि चेपतो. मग तारा एकमेकींवर घासतात आणि आतून गंजतात. पाड्यावरचा जुना दोर असाच गेला होता. गणपतीत तो उतरवला आणि नवा लागायला जानेवारी उजाडला.

तेवढ्या महिन्यांत ठमाबाईंचे नुकसान झाले होते. त्यांची मुलगी गंगी पाण्यापलीकडच्या पाड्यात दिलेली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, तर यायला दोर नव्हता. डोंगराला वळसा घालून चौदा किलोमीटर, तेही पोटुशी बाईला. कार्तिकात गंगीला तिकडेच मुलगा झाला. ठमाबाईंचा गुडघा त्या वाटेने चालण्यासारखा नव्हता. रोज सकाळी गंगी पलीकडच्या काठावर येऊन बाळ वर उचलून धरायची आणि ठमाबाई इकडून बघायच्या. मी पोचलो तेव्हाही ती उभी होती. पांढऱ्या फडक्यातले एक ठिपकाभर काहीतरी दिसत होते.

"नाक कोनावर गेलंय ते पन दिसत नाय," ठमाबाई म्हणाल्या.

अडचण चांगोबाबांची होती. जुना दोर वीस वर्षे त्यांच्या ताब्यात होता. महिन्यातून एकदा पाड्यातल्या सातही घरांतून एकेक पळी करंजाचे तेल यायचे. बाबा पाळण्यात बसून फडक्याने ते सबंध दोराला चोळायचे. तेल पेडांतून आत मुरायचे. नवा दोर लागला त्याच दिवशी त्यांनी तो तसाच चोळला, तर सगळे तेल पाण्यात ठिबकले.

"दोर तेल पीत नाय, सायब," ते मला म्हणाले. "जो खातपीत नाय तो जिता नाय. मेल्या दोरावर मी कुनाला बसवनार नाय."

मी नमुना काढला आणि पाटलांनी पेड उलगडून काळा गाभा दाखवला. दोर तेरा टन भार सोसतो, पाळणा दोन माणसांसह दोनशे किलोही भरत नाही, हे मी सांगितले. पाटलांनी रेतीच्या पन्नास किलोच्या आठ गोण्या पाळण्यात घालून दोनदा पलीकडे नेऊन आणल्या. बाबांनी शांतपणे पाहिले.

"गोनीला आई नसते," ते म्हणाले.

मग मी चुकलो. आमच्या कारखान्याच्या पत्रकात छापलेले वाक्य मी त्यांना वाचून दाखवले: या दोराला तेलाची गरजच नाही.

बाबा उठून घरात गेले आणि जुन्या दोराचा तुकडा घेऊन आले. त्यावरून त्यांनी फडके फिरवले. ते एका तुटक्या तारेत अडकले, धागा ओढला गेला.

"आशा अकरा तारा तुटल्या. कुनी दावल्या? डोळ्यांनी नाय दिसत. तेल लावताना फडक्यानं दावल्या. तुमचा कागद सांगतो, चोळू नका. मंग तार तुटलेली कलायची कशी?"

तपासणी खात्यात माझी एकवीस वर्षे गेली आहेत. तेल लावणे हीच इथली तपासणी होती आणि तीच मी बंद करायला सांगत होतो. मी पत्रकातले वाक्य पेनाने खोडले. "बाबा, चोळा. आत मुरणार नाही, पण चोळणं सोडू नका."

"पीत नाय त्याला कशाला चोळू?"

तेव्हा ठमाबाई पुढे आल्या. "भावजी, तान्हं पोर तेल पितं का वो?"

"काय?"

"पितं का? तरी रोज आंगाला चोळतोच ना आपुन? तुमाला पन चोळलंय सासूबाईनं. आक्कल तेवडी मुरली नाय."

पाटील हसले. बाबा म्हणाले, "वयनी, फडका आना."

सात घरांतून सात पळ्या आल्या. बाबांनी बासष्ट मीटर दोर चोळला. पाऊण तास लागला. फडके कुठेही अडकले नाही. परतल्यावर त्यांनी पाळण्यातली फळी पुसली आणि भावजयीला हात दिला. ठमाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मध्यावर पाळणा झुलला तेव्हा त्यांनी ते उघडले आणि नंतर मिटले नाहीत. पलीकडे गंगी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली होती. दोघी काय बोलल्या ते इकडे ऐकू आले नाही. पांढरा ठिपका या हातातून त्या हातात गेला एवढे दिसले.

"आता तुमी," बाबा मला म्हणाले. "दोर तुमचा. आठवं घर. पळी द्या."

माझ्याकडे डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली होती. तिच्यातले पळीभर ओतले. त्यांनी वास घेतला.

"दोराला केस येतील."

तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाऊन तीनच्या गाडीने परतलो. कल्याणला मिरजेची गाडी पकडायची होती, पण मी आरक्षणाच्या रांगेत उभा राहिलो. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरावे लागते. खिडकीतल्या बाईंनी परतीचे विचारले, मी नको म्हणालो.

एस.टी.ची तिकिटे सोडली तर त्या दिवशी मी दोनच ठिकाणी काही दिले: चांगोबाबांना पळीभर खोबरेल आणि खिडकीतल्या बाईंना बडनेऱ्याच्या एका तिकिटाचे पैसे.