लोणच्याचं पुस्तक

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या वाचनालयाला नवी पाटी मिळाली. पाणी मात्र टँकरचंच. तिथले ग्रंथपाल बायकांशी मान खाली घालूनच बोलत. कुणाची सून आली, की स्त्रीमुक्तीच्या पुस्तकाला लोणच्याच्या पुस्तकाचं कव्हर चढवून देत. म्हणत, "वाचा ताई. सासूबाईंसमोर बी वाचता येतंय."

त्या दुष्काळात झाडाला कैरी नव्हती, पण लोणच्याची पुस्तकं कपाटात टिकत नव्हती.

एकदा मी कपाटामागं होते, तेवढ्यात आमच्या सासूबाई आल्या. ग्रंथपालांना म्हणाल्या, "सुनंनं आणलेलं लोणच्याचं पुस्तक वाचलं म्या. लई खरं लिव्हलंय. मला तसलंच दुसरं द्या. अन् सुनंला आता खरंच लोणच्याचं द्या."

"हाव," ग्रंथपाल मान खाली घालूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पुस्तकाला पापडाचं कव्हर घातलं.